मदत हवी आहे : अँटेनाच्या पाइपला अर्थिंग कसं करू? दोनदा राउटर गेला

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरी तालुक्यात, सड्याला लागून. फायबर अजून आमच्या वाडीत पोचलेलं नाही, म्हणून समोरच्या डोंगरावरच्या टॉवरवरून बिनतारी इंटरनेट घेतलंय. पडवीच्या खांबाला २० फुटी जीआय पाइप, वर छोटी डिश, तिथून साधारण २५ मीटर लॅन केबल माजघरात. डिशला वीजही त्याच केबलमधून जाते, २४ व्होल्टच्या पीओई अडॅप्टरने.

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात राउटर गेला. यंदा मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच गडगडाटात दुसरा. वीज घरावर नाही, परड्यातल्या माडावर पडली, पन्नासेक पावलांवर. राउटरचे दिवे लागतात, वायफाय दिसतं, पण लॅन पोर्ट मेलेलं. पीओई अडॅप्टर आणि टीव्हीचं लॅन पोर्टही गेलं. फ्रिज-पंखे शाबूत. आणि मी स्पाइक बस्टर लावून निर्धास्त होतो!

आता तीन माणसं, तीन मतं. वायरमन म्हणतो पाइपला अर्थिंगचा वेगळा खड्डा मारू, घरच्या अर्थिंगला हात लावायचा नाही. दुसरा म्हणतो खड्डा कशाला, न्यूट्रलला जोडून टाक. आणि काका म्हणतात, अर्थिंग केलंस तर वीज ओढून घेशील, आहे तसं राहू दे. खाली सगळा जांभा, पहार दोन फुटांवर थांबते. काय करू?

प्रतिसाद १ :
न्यूट्रलला अजिबात जोडू नका. खांबावर न्यूट्रल तुटला की तुमचा पाइप जिवंत होईल, आणि त्याला हात लावणारं घरातलंच कोणीतरी असेल.

काकांना सांगा, वीज उंचीला येते. अर्थिंग फक्त ती खाली कुठून जाईल हे ठरवतं. तुमच्याकडे आत्ता तिची वाट लॅन केबल आहे. माडावर वीज पडली तेव्हा त्या २५ मीटर तारेत क्षणभर मोठा दाब तयार झाला, तो थेट पोर्टात शिरला. स्पाइक बस्टर होता प्लगाच्या बाजूला, म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं.

वेगळ्या खड्ड्याची कल्पना अर्धी बरोबर. खड्डा मारा, पण तो घराच्या अर्थिंगला जाड पट्टीने जमिनीखालून जोडा. नाहीतर जवळपास वीज पडली की दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो मिटतो तुमच्या राउटरमधून. पाइपवरून येणारी पट्टी सरळ खाली आणा, वळसे-कोपरे नकोत. विजेच्या झटक्याला तारेच्या जाडीपेक्षा लांबी आणि वळणं जास्त नडतात.

केबल घरात शिरते तिथेच पीओई चालणारा लॅन सर्ज अरेस्टर (केबलमधून आलेला झटका अर्थिंगकडे वळवणारी डबी) बसवा आणि त्याची अर्थ वायर हातभरापेक्षा लांब ठेवू नका. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य स्विच-पेटीत, टाइप २ एसपीडी (मेन लाइनमधून येणारा झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण). एमसीबीने (भार जास्त झाला की पडणाऱ्या स्विचने) सर्ज, म्हणजे असा झटका, अडत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही लावा, पण तो माणसासाठी, राउटरसाठी नव्हे.

प्रतिसाद २ :
अर्थिंगच्या खड्ड्यात भरलेला मीठ-कोळसा जांभ्यात दोन पावसाळ्यांत धुऊन जातो, वर मिठाने जीआय सडतं. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. खोल जाता येत नसेल तर पट्टी आडवी चरात पुरा, विहिरीकडच्या ओलसर बाजूला. नंतर अर्थ टेस्टरने मोजून घ्या, वायरमनच्या "झालं मस्त" वर जाऊ नका.

अजून एक स्वस्त युक्ती : पीओई अडॅप्टर आणि राउटरच्या मध्ये दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल प्रकाशात आणि परत लॅनमध्ये बदलणाऱ्या डब्या) आणि दोन मीटर फायबर. काचेतून झटका जात नाही. डिश गेली तरी राउटर-टीव्ही वाचतात.

धागाकर्ता :
आभार. आज वायरमनने घरचं अर्थिंग उघडून पाहिलं. तिसऱ्या पिनची वायर मीटरच्या पेटीमागे नुसतीच लोंबत होती, खड्ड्यापर्यंत पोचलेलीच नाही! म्हणजे आधी तेच. तोवर पुण्याच्या हवामान संस्थेचं, विजेची सूचना देणारं दामिनी अॅप टाकलंय. आभाळ भरलं की लॅनची पिन आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवतो. आता एकच विचारायचंय, विहीर घरापासून साठ फुटांवर आहे. एवढी लांब पट्टी चालेल का?