पोत्सुओलीत घर घ्यावं का? रोजचे धक्के आणि तो 'महाज्वालामुखी'

सातारी मेथी

नेपल्सला येऊन आम्हाला चौदा महिने झाले. नवरा इथे पोस्टडॉक करतो, मी घरून काम करते, मुलगी सात वर्षांची. सध्या फुओरिग्रोत्तात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. करार संपत आलाय आणि जवळच्याच पोत्सुओली गावात एक घर चालून आलंय. बंदरापासून सात मिनिटं, मोठी गच्ची, समोर समुद्र, भाडं आत्तापेक्षा १८० युरो कमी. पोत्सुओली काम्पी फ्लेग्रेई या ज्वालामुखीवरच वसलंय, त्यामुळे एवढं स्वस्त का, हे विचारावंच लागलं नाही.

१३ मार्च २०२५ ची रात्र मी विसरणार नाही. दीडच्या आसपास भूकंपाचा ४.६ चा धक्का बसला. सासूबाईंनी सांगलीहून बांधून दिलेले स्टीलचे डबे मांडणीवरून धडाधड खाली आले, हरभऱ्याची डाळ घरभर झाली. मुलीला उचललं, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची, आणि खाली. पहाटेपर्यंत शेजारच्यांच्या गाडीत बसलो. ३० जूनला परत ४.६, पण तो भरदुपारी, म्हणून कमी वाटला. मधले बारीकसारीक तर मोजत नाही. आधी लांब सुरुंग फुटल्यासारखा आवाज येतो, मग खिडकीची काच.

तिकडे सासूबाई यूट्यूब बघतात. 'महाज्वालामुखी जागा झाला, अर्धा युरोप जाणार' असले व्हिडिओ रात्री साडेअकराला पाठवतात. नवरा म्हणतो, शक्यता फार कमी आहे. त्याचा विषय पॉलिमर आहे, तेव्हा त्याला किती धरायचं ते तुम्हीच ठरवा.

एवढे धक्के म्हणजे उद्रेक जवळ आला असं असतं का? आणि तुम्ही असतात तर ते घर घेतलं असतंत का? 'परत या' आणि 'देवावर सोडा' हे दोन्ही सल्ले घरून मिळालेत, ते सोडून सांगा.

टिवल्याबावल्या

आधी गच्चीचा फोटो टाका, मग बघू. (ह. घ्या.)

काळा पाषाण

तीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, सोसून घ्या.

'महाज्वालामुखी' हा शब्द काटेकोर नाही. हजार घन किलोमीटरहून जास्त माल एका उद्रेकात बाहेर टाकणाऱ्याला तो लावायचा अशी रीत आहे. काम्पी फ्लेग्रेईचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा. प्रचंड होता, पण त्या रेषेच्या अलीकडचा. दुसरा मोठा सुमारे १५,००० वर्षांपूर्वी. आणि शेवटचा १५३८ सालचा, सप्टेंबरअखेरीस. त्यात एक १३३ मीटरची टेकडी उभी राहिली आणि त्रिपेर्गोले नावाचं गाव गाडलं गेलं. त्या गावाचं वाईटच झालं, पण युरोप जागच्या जागी राहिला. व्हिडिओवाले ४०,००० वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा धक्का शेजारी शेजारी ठेवतात, मधलं सगळं गाळतात.

आता धक्के. नेहमीच्या भूकंपात एक मोठा धक्का आणि मागून लहान होत जाणारे असतात. इथे तसा म्होरक्या नसतो. मालिका येते आणि ओसरते. मे २०२४ मध्ये एका संध्याकाळी काही तासांत दीडशेच्या आसपास आले होते. जगातल्या अशा बऱ्याच मोठ्या कॅल्डेरांत, म्हणजे उद्रेकानंतर जमीन खचून झालेल्या खोलगट भागांत, हे चालतं. अमेरिकेतल्या यलोस्टोनला वर्षाला दीड ते अडीच हजार भूकंप नोंदले जातात आणि त्यातले निम्मे अशा मालिकांतलेच. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथे एका मालिकेतच सुमारे २,४०० झाले, तीन महिने चालले. बाहेर काही आलं नाही. तिथला शेवटचा लाव्हा ७०,००० वर्षांपूर्वीचा आहे. गरम पाणी आणि वायू खडकांच्या भेगांत शिरतात, दाब वाढतो, भेग सरकते, एवढंच बहुतेक वेळा घडतं. मालिकेवरून उद्रेकाची तारीख काढता येत नाही.

पण 'काही नाही हो, झोपा' असंही मी म्हणणार नाही. तुमच्याकडे यलोस्टोनपेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. २००५ पासून जमीन सतत वर येते आहे, बंदराच्या परिसरात जवळजवळ दीड मीटर. सोल्फातारा या वाफा सोडणाऱ्या विवराच्या आसपास दिवसाला चार-पाच हजार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या सगळ्यामागे मॅग्मा किती आणि पाणी-वायू किती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. १९५० नंतरच्या सगळ्या उचलण्यांचा ताण साठत जाऊन वरचा खडक कमकुवत झालाय, असं २०२३ मध्ये काही ब्रिटिश आणि इटालियन संशोधकांनी मांडलं. याचा अर्थ फुटणारच असा नाही. १९८२ ते ८४ मध्ये जमीन १.८ मीटर उचलली, सोळा हजारांच्या आसपास धक्के बसले, आणि नंतर ती वीस वर्षं हळूहळू खाली बसली. १५३८ च्या आधीही जमीन उचलत होती, पण शेवटच्या दोन दिवसांत ती काही मीटर वर आली, समुद्र मागे हटला आणि लोक उघडी पडलेली मासळी गोळा करायला धावले. बघायचं असतं ते असं, वेग एकदम बदलणं.

अवांतर: खराखुरा महाज्वालामुखी बघायचा तर आपल्या जुन्नर-नारायणगावकडे. कुकडीकाठच्या बोरी गावाजवळ सुमात्रातल्या तोबाच्या राखेचा थर आहे. पोरांना घेऊन दर वर्षी जायचो. तीन हजार किलोमीटरांवरून आलेली राख, चिमटीत धरली तर पावडरसारखी मऊ.

पोत्सुओलीची सून

मेथी, मी तुझ्या त्या घरापासून फार तर दहा मिनिटांवर राहते. माहेर अलिबाग. लग्न होऊन इथे अकरा वर्षं झाली.

आमच्या घरात 'ज्वालामुखी' हा शब्द कुणी काढत नाही. म्हणतात 'ब्रादिसिस्मो'. जमिनीचं हळूहळू वरखाली होणं. आमच्या सासूबाई रिओने तेर्रातल्या, समुद्रात घुसलेल्या त्या जुन्या वस्तीतल्या. मार्च १९७० मध्ये सैन्याच्या गाड्या आल्या आणि तीन हजारांच्या आसपास माणसं काढली. 'थोडे दिवसांसाठी' म्हणून निघाल्या, परत गेल्याच नाहीत. सासरे १९८३ च्या ऑक्टोबरातल्या धक्क्यानंतर निघाले. तेव्हा तर शहरातून चाळीस हजारांच्या घरात माणसं हलवली. त्यांना मोंतेरुशेल्लोत, हलवलेल्यांसाठी वसवलेल्या नव्या वस्तीत, घर मिळालं. दोघांच्या आयुष्यातून गाव गेलं आणि उद्रेक एकदाही झाला नाही. म्हणून तुझ्या सासूबाईंना सांग, इथे माणसाला लाव्हा गाठत नाही, भिंत गाठते.

मला पहिल्या वर्षी गंमत वाटली होती ती बंदराची. आपल्याकडे होडी लागते तो धक्का, आणि भूकंपाचाही धक्काच. इथे एका धक्क्याने दुसरा वर नेलाय. छोट्या बंदरात पाणी इतकं उतरलंय की कोळ्यांच्या होड्या चिखलात बसतात. माझे बाबा आले होते, मांडव्याचे. होड्या बघून म्हणाले, 'भरती कधी?' मी म्हटलं, ही भरती काही यायची नाही. जवळच सेरापिसचे तीन खांब उभे आहेत, रोमन बाजारातले. जमिनीपासून काही उंचीवर शिंपल्यांनी पोखरलेला पट्टा दिसतो, म्हणजे ते खांब कधीतरी तेवढे समुद्रात बुडाले होते आणि परत वर आले. मुलीला नक्की दाखव.

आता कामाचं. धक्के ताकदीने मोठे नसतात, पण अगदी उथळ असतात, दोन-तीन किलोमीटरांवर. म्हणून ४.६ सुद्धा भिंत पाडतो. मार्चच्या त्या रात्री शेजारच्या बान्योली भागात एका बाईला कोसळलेल्या छताखालून काढलं, आठवतं ना? तेव्हा घरमालकिणीला ज्वालामुखीबद्दल काही विचारू नकोस, इमारतीबद्दल विचार. कुठल्या साली बांधली? १९८० च्या इर्पिनियाच्या भूकंपानंतर नियम कडक झाले, त्या आधीची असेल तर कान टवकार. आरसीसी आहे की तूफोच्या भिंतींवर उभी आहे? तूफो म्हणजे इथला पिवळा दगड, पाषाणकाका सांगतात त्या १५,००० वर्षांपूर्वीच्या राखेचाच. अर्धं नेपल्स त्या उद्रेकातच राहतं म्हण ना. मे २०२४ नंतर आणि मार्च २०२५ नंतर इंजिनिअर येऊन बघून गेले का, 'आजीबिले', म्हणजे राहण्याजोगी, असा कागद आहे का? तोंडी 'तुत्तो अ पोस्तो' (सगळं ठीक आहे) ऐकून भुलू नकोस, कागद माग. गच्चीचा कठडा हाताने हलवून बघ. माणसं पळताना बहुतेक वेळा वरून पडणाऱ्या त्याच गोष्टींखाली सापडतात. आणि तळघरात सामान ठेवणार असशील तर तिथे वायू साचतो का ते विचार.

योजना दोन आहेत, लोक त्यांची सरमिसळ करतात. उद्रेकाची वेगळी: पाच लाख माणसं ७२ तासांत बाहेर काढायची, पहिले १२ तास तयारी, ४८ तास निघणं, १२ हाताशी. त्यासाठी इशारा लाल व्हावा लागतो. आपण डिसेंबर २०१२ पासून पिवळ्यात आहोत. हिरव्यापासून वर मोजलं तर चारांतल्या दुसऱ्या पायरीवर. दुसरी योजना धक्क्यांची, इमारतींची, २०२३ ची. रोज तीच लागते. आणि फुओरिग्रोत्तात तू सुरक्षित आहेस असं वाटत असेल तर नकाशा बघ, बाई. लाल पट्ट्यात, म्हणजे उद्रेकाच्या आधी रिकामा करायच्या भागात, तूही आहेसच.

आमच्या दाराशी एक पिशवी असते: पासपोर्ट, औषधं, बॅटरी, लेकीची एक जुनी बाहुली. गाडीत पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देत नाही. एवढं केलं की मी रात्री झोपते.

कोयनाकाठ

सूनबाईंशी शंभर टक्के सहमत. मी पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमचं घर बसलं. दगडमातीच्या भिंती, जड आढं. आजी त्यात गेली. तिथे ज्वालामुखी कुठे होता? पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली ती अशाच घरांत. पुढे वडिलांनी बांधलं ते पत्र्याचं, हलकं. उन्हाळ्यात भाजून निघायचो, पण त्यांनी स्लॅब टाकू दिला नाही. आमच्याकडे अजून हादरे येतात. घरातली म्हातारी माणसं आधी आढ्याकडे बघतात.

पालघरकडचेही कुणी असतील तर लिहा. धुंदलवाडीला २०१८ च्या नोव्हेंबरपासून अशीच मालिका सुरू झाली, लोक थंडीत तंबूत झोपले. तिथेही ज्वालामुखी नाही.

सातारी मेथी

सगळ्यांचे आभार. काल नवऱ्याला घेऊन गेले. इमारत १९७२ ची, तूफो, वर एक मजला नंतर चढवलेला. कागद विचारला तर मालकीणबाईंनी आधी कॉफी दिली, मग लिमोन्चेल्लो, मग भाडं आणखी पन्नास युरोंनी उतरवलं. कागद काही आला नाही. कठडा मी हलवला नाही, मुलगी टेकली तेव्हाच तो हलला.

नाही घेतलं. सासूबाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, 'बघ, व्हिडिओ खरा होता.'

पोत्सुओलीची सून

त्यांना तसंच वाटू दे. मोंतेरुशेल्लोत नणंदेच्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला रिकामा होतोय. १९८० नंतरची, आरसीसी. समुद्र दिसत नाही, समोर भाजीचा बाजार आहे. रविवारी ये, आधी तिचा कागद बघू, मग जेवायला घरी. येताना ते डबे सावकाश बांधून आण, हरभऱ्याची डाळ इथे मिळत नाही.