हाडावरचा चरा: दगडाचा, दाताचा की खुराचा?

चकमक: इथिओपियातल्या डिकिकाची ती दोन हाडं आठवतात? गाईएवढ्या जनावराची बरगडी आणि शेळीएवढ्याच्या मांडीचा तुकडा, सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीचे. त्यांवरच्या चऱ्यांवरून २०१० मध्ये जाहीर झालं की आपल्या पूर्वजांनी दगडाने मांस कापलं. मला हे ओढूनताणून वाटतं. वाळूत पडलेलं हाड कळपाच्या खुरांखाली रगडलं की चरे पडतातच. मगरीचे दातही कमी नाहीत.

बोथटसुरी: खुरांचे ओरखडे उथळ, बारीक आणि वाट्टेल त्या दिशेला जातात. इथले खोल आहेत, शिवाय दगडाने ठेचल्याच्या खुणाही आहेत. २०१५ मध्ये त्याच परिसरातली इतर जीवाश्म हाडं तपासली, तर या खुणा त्यांच्यापेक्षा वेगळ्याच निघाल्या. त्याच वर्षी केनियातल्या लोमेक्वीची ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारंही जाहीर झाली. अजून काय हवं?

चकमक: लोमेक्वी केनियात आहे हो! डिकिकाची हाडं जमिनीवर पडलेली मिळाली, सोबत एकही हत्यार नाही. शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्टचं काय झालं विसरलात? दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाटच्या गुहेत जनावरांच्या हाडांचे ठराविकच भाग सापडले, म्हणून त्याने हाडं, दात आणि शिंगांच्या हत्यारांची अख्खी संस्कृती उभी केली. मग ब्रेन या संशोधकाने नामिब वाळवंटातल्या वस्त्यांमध्ये माणसांनी खाऊन कुत्र्यांपुढे टाकलेली शेळ्यांची हाडं गोळा केली. दंडाच्या हाडाचं कोपराकडचं घट्ट टोक उरलेलं, खांद्याकडचं मऊ टोक गायब. माकापान्सगाटलाही तेच! कुणी निवडलं नव्हतं, चावून जे उरलं ते उरलं.

साळिंदर: (नाव बघून हसू नका, हाडं कुरतडण्यात आमची जात पटाईत. समांतर खाचा दिसल्या की आम्हीच.) दोघंही चऱ्याच्या आकारावर अडलात. चरा कधीचा, तेही बघा. उघड्यावरचं हाड वाळतं, तडकतं, मग पापुद्रे सुटतात. बेहरेन्समायर या संशोधक बाईंनी केनियातल्या अंबोसेलीत हाडं पाहून १९७८ मध्ये याच्या ० ते ५ अशा पायऱ्या मांडल्या. चरा आधीच पडलेल्या तड्यावरून गेला असेल, तर तो हाड वाळल्यानंतरचा. वाळक्या हाडावरचं मांस कोण कापणार?

बोथटसुरी: मान्य. पण डिकिकाचे चरे हाडाचा दगड होण्याआधीचे आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलंय.

चकमक: जुने आहेत यावर वाद नाहीच. मगरही तेव्हा होतीच की! त्या थरात एक धारदार दगडी कपचा सापडू दे, या चर्चेचा धागा मीच पुन्हा वर काढतो.