मदत हवी आहे: बिकिनीच्या राखेत सापडलेल्या इतर मासेमारी बोटी

नमस्कार मंडळी. १ मार्च १९५४ला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर १५ मेगाटनचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. जपानची 'दाइगो फुकुर्यू मारू' ही ट्यूना पकडणारी बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. तरीही काही तास तिच्यावर स्फोटात उडालेल्या प्रवाळाची पांढरी, किरणोत्सर्गी राख पडत राहिली. २३ खलाशी गळाच्या दोऱ्या ओढत होते आणि राख केसांत, मानेवर, कमरपट्ट्याखाली चिकटत होती. याइझू बंदरात परतेपर्यंत कातडी भाजलेली, केस गळू लागलेले. रेडिओ ऑपरेटर कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले.

हे बरंच वाचायला मिळतं. मला हवंय ते इतर बोटींबद्दल, विशेषतः कोची प्रांतातल्या. त्यांचेही मासे किरणोत्सर्गी म्हणून फेकले गेले, पण त्या खलाशांची पुढे कोणी नीट दखल घेतली नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

टोकियोत राहणारं कोणी आहे का? तिथे युमेनोशिमा भागात 'दाइगो फुकुर्यू मारू' जपून ठेवली आहे. तिथे कोचीच्या खलाशांबद्दल काही मांडलंय का, बघून सांगाल? आणि जपानी वाचणारं कोणी असेल तर त्यांच्या जबान्या समजून घ्यायला मदत हवी आहे. मराठीत लेख लिहायचाय.