प्रतिसाद: तिवंध्याची रहाड आणि तो

तो गेल्यावरच्या या आठवणींत वर कुणीतरी लिहिलंय, की तो पैसे उसने देऊन विसरायचा. विसरत नव्हता हो, परत मागायला त्याची जीभच रेटत नसे. २०१५ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात रामकुंडावरून दमून परतणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्या बायकांना त्याने स्वतःची खोली दिली आणि आपण ओट्यावर झोपला. आणि रंगपंचमी! तिवंधा चौकातल्या पेशवेकालीन रहाडीची, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदाची, पूजा होईपर्यंतही त्याला दम निघत नसे. मग उडी घेऊन रहाडीत असा धप्पा मारायचा की काठावरचे सगळे पिवळे. तोच डागाळलेला सदरा घालून वर्षभर मेनरोडवर हिंडायचा. वहिनींनी तो अजून धुतलेला नाही. या पंचमीला रहाडीपाशी जाईन, पण उडी मारवेल असं वाटत नाही.