‘परके’ म्हणजे नेमके कोण? कर्जात बुडालेल्या देशाबद्दल लिहिताना

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा) :
आमच्या वाचनमंडळात ग्रीसच्या कर्जसंकटावर टिपण वाचायचे आहे. मसुद्यातले एक वाक्य असे : ‘देश दिवाळखोर झाला, परक्यांनी काटकसर लादली आणि लोक परक्यांवर संतापले.’ मंडळातल्या एका मावशींनी दोन्ही ‘परक्यां’खाली रेघ मारली आणि विचारले, हे परके कोण? वाक्य कसे सुधारावे?

उत्तर :
मावशींची रेघ अगदी योग्य जागी पडली आहे. त्या शब्दात तुम्ही दोन वेगळ्या माणसांना एकत्र कोंबले आहे.

पहिले परके पैसे देणारे. मे 2010 मध्ये ग्रीसला 110 अब्ज युरोंचे कर्ज ठरले. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या तिघांना लोक ‘त्रोइका’ (रशियन शब्द, म्हणजे तिघांचे त्रिकूट) म्हणू लागले. त्यांचे अधिकारी अथेन्सला येऊन सरकारचे हिशेब तपासत. यांच्यासाठी मराठीत ‘धनको’ आहे. कोर्टकचेरीतला शब्द आहे, पण स्वच्छ आहे. ‘सावकार’ लिहाल, तर मराठी वाचकाला 1875 सालचे पुणे जिल्ह्यातले सुपे आठवेल. तिथे कुणब्यांनी कर्जरोखे काढून जाळले, आणि राग मुख्यतः निघाला तो मारवाडी आणि गुजर सावकारांवर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर. आपण बडोद्याचे मराठी लोक गुजराती शेजारात पिढ्यान् पिढ्या राहतो. आपण तरी हा शब्द जपून वापरावा, असे मला मनापासून वाटते.

दुसरे परके म्हणजे अथेन्सच्या वस्त्यांत राहणारे पाकिस्तानी, अफगाण, बांगलादेशी, आफ्रिकी मजूर. त्यांनी ग्रीसला एक छदामही कर्जाने दिला नव्हता. तरी जून 2012 च्या निवडणुकीत त्यांच्या द्वेषावर उभ्या असलेल्या ‘गोल्डन डॉन’ पक्षाचे 18 खासदार निवडून आले. 2009 मध्ये याच पक्षाला अर्धा टक्काही मते नव्हती. या पक्षाच्या लोकांनी स्थलांतरितांवर हल्ले केले, आणि 2020 मध्ये ग्रीक न्यायालयाने त्याला गुन्हेगारी संघटना ठरवले. या मजुरांना ‘स्थलांतरित’च म्हणा. ‘उपरे’ म्हटले की मारणाऱ्याचे मत तुमच्या तोंडी येते. कर्जाचे ओझे एकाने लादले आणि मार दुसऱ्याने खाल्ला, हे तुमच्या टिपणात सगळ्यात महत्त्वाचे आहे, आणि ‘परके’ हा एकच शब्द नेमके तेच झाकून टाकतो.

‘काटकसर’ही काढा. काटकसर माणूस आपल्या मनाने करतो, आणि तिचे कौतुक होते. ग्रीसमध्ये 2012 साली किमान वेतन 22 टक्क्यांनी कापले गेले, निवृत्तिवेतने छाटली गेली. याला ‘सक्तीची खर्चकपात’ म्हणावे.

‘दिवाळखोर’बद्दल थोडक्यात : माणसाचे दिवाळे निघाले की न्यायालय त्याची मालमत्ता विकून देणी वाटते. देशाचा असा लिलाव करणारे न्यायालय कुठेच नाही. जून 2015 अखेर ग्रीसने नाणेनिधीचा हप्ता चुकवला, तेव्हा ‘हप्ता थकवला’ हेच खरे वर्णन.

आणखी एक वाचक :
आपल्याकडे ‘दिवाळे वाजते’ आणि गुजरातीत ‘देवाळुं फुंकतात’. माझ्या घरी दोन्ही मिसळून बोलतात. एक विचारायचे आहे. जर्मनीबद्दलचा राग तरी ‘परक्यांवरचा’ म्हणायला हरकत नाही ना? 2012 मध्ये तेव्हाच्या जर्मन चान्सलर अँगेला मर्केल अथेन्सला आल्या तेव्हा काही लोकांनी नाझी गणवेश घालून निदर्शने केली होती.

उत्तर :
तो राग जुना आहे, म्हणून त्याला वेगळे वाक्य द्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ग्रीस व्यापला आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेकडून सक्तीने कर्ज उचलले. ते फेडलेच नाही, असे ग्रीक म्हणतात. म्हणजे त्यांच्या हिशेबात ऋणको, म्हणजे कर्ज घेणारा, जर्मनी आहे. ‘परक्यांवर राग’ लिहिलेत तर हा सगळा हिशेब वाचकाला दिसणारच नाही.

या वादात बडोद्याचा एक शब्द कामाचा आहे : बांहेधरी. हात धरून दिलेली हमी. गायकवाडांचे राज्य कर्जात बुडाले होते, तेव्हा अरब शिबंदीचे (पगारी फौजेचे) जमादार अशी हमी देत, आणि शहराचे दरवाजेही त्यांच्याच ताब्यात होते. डिसेंबर 1802 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने शहराला वेढा घालून त्यांना घालवले, थकलेले पगार चुकवण्यासाठी कंपनीचा आणि सावकारांचा पैसा आणला, आणि पुढे हमीदार म्हणून कंपनीच बसली. अरब परके होते आणि इंग्रजही परकेच. पण राज्याच्या कारभारात कोणाचा हात किती खोल गेला, हे ‘बांहेधरी कोणाकडे होती’ या प्रश्नातून कळते. ग्रीसच्या टिपणातही हाच प्रश्न विचारा.

मूळ प्रश्नकर्ता :
वाक्य असे केले आहे : ‘ग्रीसने हप्ता थकवला, धनकोंनी सक्तीची खर्चकपात लादली, लोकांचा राग धनकोंवर होता, आणि त्याचा मार स्थलांतरितांनाही बसला.’

उत्तर :
चांगले झाले. फक्त क्रम बदला. खर्चकपात 2010 पासूनची, हप्ता थकला 2015 मध्ये. आणि ‘लोकांचा’ऐवजी ‘अनेकांचा’ लिहा. जुलै 2015 च्या सार्वमतात धनकोंच्या अटींना वैध मतांपैकी सुमारे 61 टक्के ‘नाही’ होती, उरलेली ‘हो’ होती.