उत्तर: ब्रुकनरची आठवी सिंफनी, योखुम आणि कारायान

ही सिंफनी कंडक्टर योखुम ७४ मिनिटांत संपवतो, कंडक्टर कारायान ८० च्या पुढे जातो, म्हणजे सगळा फरक लयीचा, असं म्हटलं गेलंय; त्याला हे उत्तर. बराचसा आहेच, पण दोघं एकच संहिता (छापील स्वरलिपी) वाजवत नाहीयेत! योखुमची (बर्लिन, १९६४) म्हणजे ब्रुकनरने १८९० मध्ये सुधारलेल्या रूपाची, संपादक नोवाकने काढलेली आवृत्ती आहे. कारायानची (व्हिएन्ना, १९८८) संपादक हासची. हासने त्यात १८८७ च्या, म्हणजे ब्रुकनरच्या पहिल्या रूपाच्या, हस्तलिखितातले तुकडे परत आत घातले: अडाजिओत (संथ तिसरा भाग) १० मापं (बार), फिनालेत (शेवटचा भाग) ३८. ही ४८ मापं फार तर दोन-तीन मिनिटं खातात, बाकीचा हिशोब लयीचा. त्यामुळे तुलना करायचीच तर पहिलं मूव्हमेंट (भाग) आणि स्केर्झो (दुसरा भाग) यांच्या वेळा लावून बघा, तिथे दोन्हीकडे मापं सारखीच आहेत.

कव्हरवर भरवसा ठेवू नका. हासवरही 'मूळ आवृत्ती' असं छापलेलं सापडतं, आणि मग लोक ती १८८७ ची समजून घेतात. कानाने ओळखायचं तर अडाजिओ लावा. २०८ व्या मापानंतर, मोठ्या उठावाच्या पाठोपाठ हासमध्ये दहा मापांचा शांत तुकडा येतो. नोवाकमध्ये तो नाहीच, सगळं थेट पुढे सरकतं. मला इथे हासच पटतो, संपादक म्हणून त्याने मनमानी केली असली तरी. खरी १८८७ हवी असेल तर कंडक्टर इनबालचं रेकॉर्डिंग ऐका (फ्रँकफर्ट रेडिओ, १९८२): पहिलं मूव्हमेंट दणक्यात संपतं आणि अडाजिओच्या शिखरावर झांजा दोनदा नाही, सहा वेळा वाजतात.