आजी-आजोबा, नातवंडं आणि कोकण किनारा: नाशिकहून गाडीने जाणाऱ्यांसाठी अनुभव धागा

दिवाळी उरकली की नाशिकच्या निम्म्या घरांत एकच विषय सुरू होतो, या वेळी समुद्र. दोघंच असतील तर प्रश्न नसतो. गाडीत तीन वर्षांचं नातवंड आणि पंच्याहत्तरीचे आजोबा एकत्र बसले की मात्र सगळी गणितं बदलतात. ज्यांनी अशा सहली वारंवार नेल्या आहेत त्यांनी इथे लिहावं. प्रवासवर्णन नको. किती वाजता निघायचं, काय न्यायचं, कुठे चुकतं आणि का चुकतं, एवढंच लिहा. वर नावाऐवजी नाशिकमधला आपला भाग टाका.

इंदिरानगर

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा पट्टा धरला तर नाशिकहून साधारण तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर होतात. नकाशा सहा-सात तास दाखवतो. म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर नऊ तास धरा.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मोठा फरक पडला आहे. कसारा घाटाची वळणं टळतात आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ खाली उतरते. उलटी होणाऱ्या मुलांसाठी हे फार मोठं सुख आहे. पण एकदा समृद्धीवर चढलं की मनात येईल तिथे थांबता येत नाही, म्हणून सगळ्यांचं बाथरूम घोटी-इगतपुरीलाच उरकून घ्या. "मला नाही आली" म्हणणाऱ्या आजोबांनाही न्या.

खरी अडचण आमण्याच्या पुढे आहे. भिवंडी, कल्याण फाटा, शीळफाटा, पनवेल हा तुकडा सकाळी आठच्या आत पार झाला पाहिजे, म्हणजे नाशिक साडेचारला सोडायचं. मुलांना पहाटे उठवून आंघोळ घालत बसू नका. रात्रीच प्रवासाचे कपडे घालून झोपवा आणि झोपेतच उचलून सीटवर बांधा. पुढे पेण, वडखळ, कोलाड, माणगाव. सुट्टीच्या दिवशी इंदापूर-माणगावला गाड्या तुंबतात, तिथे दहाच्या आत पोचलेलं बरं. माणगावहून म्हसळ्यामार्गे दिवेआगर.

पंचवटी

पहिल्याच सहलीला एवढं लांब कशाला? आजी-आजोबांना गाडीत किती वेळ बसवतं हेच माहीत नसेल तर आधी डहाणू-बोर्डी करा. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, डहाणू. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि थांबत-थांबत पाच तास लागतात. शीळफाट्याची कटकट नाही. जव्हार बरोबर मध्यावर येतं, तिथे चहा-नाश्ता आणि पाय मोकळे करणं होतं. रस्ता वळणाचा आहे, पावसाळ्यानंतर काही ठिकाणी खड्डे असतात, त्यामुळे अंधारात नको. उजाडल्यावर निघा.

बोर्डीचा किनारा सपाट आहे आणि मागे सुरूची सावली आहे. आजींना खुर्ची टाकून बसवलं तर नातवंडं नजरेत राहतात. ओहोटीला पाणी फार लांब जातं, मुलं "समुद्र कुठे गेला" म्हणून हिरमुसतात, तेव्हा भरतीची वेळ पाहूनच जा. घोलवडचे चिकू परतीच्या दिवशीच घ्या आणि कडकच घ्या. तयार चिकू गाडीच्या उष्णतेत दुपारपर्यंत आंबतात.

सिडको

सात सीटच्या गाडीत सात माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही, हे बुकिंगच्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. तिसरी रांग उभी असताना मागे दोन मध्यम बॅगा कशाबशा मावतात. टपावर कॅरिअर लावलात तर वर फक्त हलकं सामान ठेवा, कपडे, पांघरुणं. पाण्याचे जार आणि शिधा खाली. जड सामान वर गेलं की वळणावर गाडी जास्त झुलते आणि मागच्यांना मळमळतं.

आजी-आजोबा मधल्या रांगेत, दाराजवळ. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी येतात आणि उतरताना सीट दुमडून वाकून बाहेर यावं लागतं. मुलांची सीट मागेच बांधायची, पुढे मांडीवर कधीच नाही. एअरबॅग उघडली तर मांडीवरच्या मुलाला तीच मारते. मुलाची सीट अडकवायचे लोखंडी हूक बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेतच असतात, तिसऱ्या रांगेत सहसा नसतात. त्यामुळे मुलाची सीट कुठे आणि आजोबा कुठे, हे आदल्या दिवशी गाडी दारात उभी करून, सगळ्यांना प्रत्यक्ष बसवून ठरवा.

देवळाली कॅम्प

उलटीबद्दल. गोळी किंवा औषध निघायच्या अर्धा तास आधी द्यायचं. मळमळ सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मुलांचं प्रमाण वजनावर असतं, ते बालरोगतज्ज्ञांकडून आधीच लिहून आणा, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा देऊ नका. पहाटे दूध नको. एक कोरडी पोळी किंवा दोन खारी पुरे. रिकाम्या पोटीही मळमळतं, तुडुंब पोटीही. मोबाइल बंद, काच दोन बोटं उघडी, नजर लांब रस्त्यावर.

पिशवीपेक्षा आइस्क्रीमचा एक लिटरचा रिकामा डबा चांगला. तळाशी कागद घाला. मूल तो दोन हातांनी धरू शकतं, तो कलंडत नाही आणि झाकण लागलं की वास कोंडतो. असे तीन डबे न्या. सीटवर सांडलंच तर पुसून खायचा सोडा भुरभुरा, अर्ध्या तासाने झटका.

नाशिक समुद्रापासून साधारण सहाशे मीटर उंच. उतरताना कान दडतात, आणि लहान मूल नेमकं तेव्हाच कारण न कळता रडतं. घोट-घोट पाणी किंवा चोखायला काही दिलं की कान मोकळे होतात.

गंगापूर रोड

औषधांची पिशवी डिकीत जाता कामा नये, ती आजींच्या पायाशी हवी. जितक्या दिवसांची सहल त्याहून तीन दिवसांची औषधं जास्त घ्या. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण किनाऱ्यावरच्या लहान गावात नेमकी तीच गोळी मिळेलच असं नाही. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवायचं नाही आणि बर्फालाही थेट टेकवायचं नाही, गोठलं तरी वाया जातं. थर्मासच्या पिशवीत, रुमालात गुंडाळून न्या.

थांबायला नको म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत. आपल्याला ते कळतही नाही, आणि संध्याकाळी चक्कर किंवा दुसऱ्या दिवशी लघवीची जळजळ सुरू होते. दर दीड तासाला गाडी थांबवा, कोणी मागो न मागो. ज्यांना लघवी जास्त होणारी बीपीची गोळी आहे त्यांनी प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवावं, मनाने बंद करू नये. बसल्या जागी घोटे गोल फिरवायला सांगा, पाय कमी सुजतात.

म्हसरूळ

खोली बुक करताना "फॅमिलीसाठी आहे का" या प्रश्नाला सगळे होच म्हणतात. त्याऐवजी हे विचारा: कमोड आहे का, की भारतीय पद्धतीचा संडास? खोली तळमजल्यावर आहे का? गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? बाथरूमला उंबरा किती उंच? धरायला काही आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? आणि फोटो मागवा, खोलीचा नव्हे, बाथरूमचा.

कोकणातल्या घरगुती मुक्कामांत जांभ्या दगडाच्या पायऱ्या असतात, उंच आणि पावसानंतर शेवाळलेल्या. जुन्या घरात संडास कधी कधी परसात असतो. रात्री दोनला आजोबांना बॅटरी घेऊन अंगणातून जायला लागलं तर सहल तिथेच बिघडते. अडलंच तर घडीची कमोडखुर्ची गाडीत टाका, उघडझाप दोन मिनिटांची असते. एक झिरोचा दिवा, एक रबरी पायपुसणं, एक प्लास्टिकचं स्टूल आंघोळीसाठी. याच तीन वस्तूंनी सगळ्यात जास्त पडणं वाचतं.

आणि एकच मुक्काम ठेवा. रोज गाव बदललं तर रोज सामान बांधणं, रोज नवं बाथरूम ओळखणं. तीन रात्री दिवेआगर धरलं तरी श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर तिथूनच होतात. जेवण आदल्या रात्री सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. मधुमेह असेल तर "दुपारी एक वाजता ताट लागेल" असं स्पष्ट सांगा.

नाशिकरोड

समुद्राची वेळ पाहिल्याशिवाय दिवसाचा बेत ठरवू नका. आपण गोदाकाठची माणसं, पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं हे अंगात मुरलेलं नसतं. हिशोब सोपा आहे. पंचांगातल्या तिथीचा आकडा घ्यायचा (प्रतिपदा एक, पौर्णिमा-अमावास्या पंधरा), त्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, घड्याळात तो आकडा दिवसातून दोनदा येतो, त्या दोन्ही वेळा. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून यजमानांना विचारून खात्री करा.

याचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी येते. ओली, घट्ट वाळू मोकळी होते आणि त्यावर काठीही रुतत नाही. अष्टमीच्या आसपास मात्र संध्याकाळी भरती असते, चालायला फक्त वरची भुसभुशीत वाळू उरते आणि गुडघेदुखीवाल्यांचे दहा पावलांत हाल होतात. त्या दिवसांत सकाळी नाश्ता करून साडेआठ-नऊला जा, पाणी उतरत असतं. मात्र पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं आणि वेगाने येतं, हेही धरून चाला.

आता पाण्याच्या कडेचं. म्हातारी माणसं खोल पाण्यात पडत नाहीत, घोटाभर पाण्यात पडतात. लाट परत जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते, टाच खचते आणि माणूस मागे बसतं. हे दोन-तीन सेकंदांत होतं. म्हणून समुद्राकडे पाठ करून फोटोला उभं राहायचं नाही. एक पाय पुढे, एक मागे, थोडं तिरकं उभं राहायचं आणि दर दोन लाटांनी पाय उचलून पुन्हा टेकायचे. आजींच्या हातात नातवंडाचा हात देऊन आपण लांब जाऊ नका. मूल ओढलं गेलं की दोघंही पडतात. मुलामागे एक तरणं माणूस, म्हाताऱ्यांमागे एक, हा हिशोब पक्का ठेवा. मुलं गुडघ्यापर्यंतच.

गणपतीपुळ्याला तर पाण्यात उतरूच नका. समोर शांत दिसतं, पण तळ एकदम खोल होतो आणि ओढ जबर आहे. तिथे बुडण्याचे प्रकार पुन्हा पुन्हा झाले आहेत. दर्शन घ्या, डोंगराची प्रदक्षिणा सुमारे एक किलोमीटरची आहे, ज्यांना झेपेल त्यांनी करा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कातळातून समुद्राच्या अंगाने उतरते. ती फक्त ओहोटीत, तीही तरण्यांनी. आजी-आजोबांनी आणि मुलांनी देवळातच थांबावं.

सातपूर

गाडीचं थोडक्यात. भरलेल्या गाडीची हवा रिकामीपेक्षा जास्त लागते, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यातला पूर्ण भाराचा आकडा घ्या, आणि टायर थंड असताना भरा. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. ब्रेक तापले की पायाखाली मऊ लागतात, मग थांबणं भाग पडतं. सीएनजी असेल तर किनाऱ्याच्या रस्त्यावर पंपाच्या भरवशावर राहू नका, पेट्रोल किमान अर्धी टाकी.

बागमांडला ते वेसवी किंवा आगरदांडा ते दिघी अशी फेरीबोट घेणार असाल तर गाडी चढवण्याआधी म्हातारी माणसं आणि मुलं उतरवा आणि आधी पायी बोटीवर न्या. धक्क्याचा उतार ओला, शेवाळलेला असतो, रबरी तळाची चप्पल हवी. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, काचा उघड्या. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालून अंधारात जावं लागतं.

वाळूत गाडी घालू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. रुतलीच तर रेस करू नका, चाक आणखी खाली जातं. सगळ्यांना उतरवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, हवा पंधरा-अठरा पाउंडापर्यंत सोडा, चाकाखाली पायपुसणी घाला आणि हळू बाहेर घ्या. त्यानंतर हवा भरायला छोटा पंप जवळ हवा. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या कमानी विशेष करून. मीठ तिथेच बसतं आणि पावसाळ्यात गंज दाखवतं.

धागा सुरू करणाऱ्याकडून

मुलांना जंजिरा दाखवायचा आहे, आजोबांचे गुडघे दुखतात. काय करावं?

नाशिकरोड

राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात. किल्ल्याच्या दाराशी होडी हलत असताना ओल्या पायरीवर पाय टाकावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांना तो एक क्षण जमत नाही. आजोबांना धक्क्यावर सावलीत ठेवा, सोबत एक जण थांबा. किंवा अलिबागचा कुलाबा किल्ला करा. ओहोटीत तिथे चालत जाता येतं आणि घोडागाडीही जाते. पाणी फिरायच्या आत परत यायचं, एवढं पाळा.

मखमलाबाद

खाण्याचं राहिलंच. सोलकढी मोठ्यांना आवडते, पण नारळाच्या कच्च्या दुधाची सवय नसलेल्या लहान पोटाला ती पहिल्याच दिवशी वाटीभर दिली तर ढाळ होतात. दोन चमचे पुरे. मेतकूट, तांदूळ, मूगडाळ आणि एक छोटा कुकर न्या. कोणाचं पोट बिघडलं तर यजमान मऊभात करून देतात, मेतकूट मात्र आपलं आपल्याजवळ असलेलं बरं.

इंदिरानगर

परतीचं एक. रविवारी दुपारी निघालात तर पेण ते शीळफाटा रांगेत जातो. सोमवारी पहाटे निघा, नाहीतर रविवारी नाश्ता होताच. आणि डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावरून घामाघूम निघालेली मंडळी रात्री इगतपुरीला उतरली की कुडकुडतात. मुलांचे स्वेटर आणि आजींची शाल शेवटच्या दिवशी बॅगेत सगळ्यात वर ठेवा.